ते टूरमध्ये नाही

गेल्या जानेवारीत भाचीच्या लग्नासाठी हैदराबादला जाणे झाले. मुक्काम नामपल्लीला होता, स्टेशनपासून पाच मिनिटांच्या वाटेवर असलेल्या एका साध्या लॉजमध्ये. जवळच्या मैदानावर 'नुमाइश' भरली होती, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत रस्त्यावर जत्रेसारखी गर्दी. लग्नाच्या आदल्या दिवशी मोकळा वेळ होता. सकाळी पब्लिक गार्डनमध्ये एक फेरी मारली आणि परतताना लॉजच्या काउंटरवरूनच 'हैदराबाद दर्शन'चे तिकीट काढले. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला सगळे एका दिवसात, ठरल्या वेळेत आणि पावतीसह मिळाले की बरे वाटते!

गाईड तरुण आणि बोलका होता. गोवळकोंड्याच्या दरवाजात त्याने टाळी वाजवून दाखवली, ती वर बालाहिसारपर्यंत कशी ऐकू जाते ते सांगितले. चारमिनार १५९१ चा, हेही सांगितले. सालारजंग संग्रहालयात आम्हाला पन्नास मिनिटे मिळाली. त्यातली पंधरा त्या प्रसिद्ध घड्याळासमोर, छोटा माणूस बाहेर येऊन घंटा केव्हा वाजवतो याची वाट पाहण्यात गेली. मोत्यांच्या एका दुकानात मात्र पाऊण तास थांबलो. तिथे कुणालाच घाई नव्हती.

दुपारी चहा पिताना मी त्याला सहज विचारले, "मराठी लोकांचे हैदराबाद कुठे आहे? मराठवाडा १९५६ पर्यंत याच राज्यात होता. इथे मराठी शाळा निघाल्या, ग्रंथालये निघाली. त्यातले काही वाटेत लागते का?" तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, वो टूर में नहीं है."

त्याचे काही चुकले नव्हते. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण हेच वाक्य मी त्याआधी गोव्यात, आमच्याच मुरगावच्या रस्त्यावर, एका मित्राच्या तोंडून ऐकले होते.

हैदराबाद आणि मुरगाव यांचे नाते तसे जुने आहे. निजामाकडे सगळे होते, फक्त समुद्र नव्हता. १९४७-४८ च्या सुमारास संस्थान स्वतंत्र ठेवण्याची खटपट चालू असताना मुरगाव बंदर आपल्याला वापरता यावे, जमल्यास ते विकतच घ्यावे असे प्रयत्न निजामाच्या वतीने झाले होते. ते साधले नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले, आणि गोव्याला मुक्त व्हायला डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. ज्या बंदराकडे एवढा मोठा निजाम डोळे लावून बसला होता, त्या बंदरावर आता हिवाळ्यात दुसऱ्याच प्रकारचे नवाब उतरतात. सकाळी येतात, संध्याकाळी जातात.

मी क्रूझ जहाजांविषयी बोलतो आहे. पाऊस संपला की ऑक्टोबरपासून मुरगावला ही जहाजे लागू लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांची ये-जा चालते. एकेका मोठ्या जहाजातून दोन-दोन हजार माणसे येतात. एका बाजूला कोळशाचे ढीग, दुसऱ्या बाजूला पांढरेशुभ्र दहा-बारा मजली जहाज, असे ते दृश्य! धक्क्यावर कधी घुमट-समेळाचा नाद असतो, कधी देखणी नाचणाऱ्या मुली असतात. बाहेर बसेसची रांग आणि त्यांच्या पलीकडे टॅक्सीवाले. बसवाले सगळी गिऱ्हाइके घेऊन जातात म्हणून टॅक्सीवाल्यांची कुरकुर, आणि ती अगदीच खोटी नाही. सहलीचे पैसे बहुतेकांनी जहाजावरच भरलेले असतात. वास्कोच्या बाजारात त्यातले किती उतरतात हा प्रश्नच आहे.

पूर्वी या बोटींतून फक्त गोरे पर्यटक यायचे. आता तसे राहिलेले नाही. २०१८ साली 'आंग्रिया' हे जहाज मुंबई-गोवा फेऱ्या करू लागले, २०२१ पासून 'कॉर्डेलिया' आले. मुंबई-पुण्याची, आपल्यासारखीच पगारदार माणसे मुलाबाळांसह बोटीने गोव्याला येऊ लागली. माझे वडील तरुणपणी मुंबईहून पणजीला बोटीनेच येत. डेकवर घोंगडी पसरून रात्र काढायची, पहाटे वाटेतल्या बंदरांचे दिवे मोजायचे, या त्यांच्या गोष्टी मी लहानपणी शंभरदा ऐकल्या आहेत. पण त्या बोटीतला माणूस घरी येत असे. या बोटीतला माणूस घर बघायला येतो, तेही आठ तासांत.

माझा एक मित्र गाईड आहे. आम्ही कॉलेजात एकत्र होतो, दोघेही बी. ए. इतिहासाचे. मी परीक्षा देऊन कारकून झालो, तो गाईड झाला. म्हणजे इतिहास त्याच्याच कामी आला म्हणायचा! दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने मला विचारले, "येतोस? बशीत एक सीट रिकामी आहे." मुंबईहून आलेल्या जहाजातले चाळीसेक प्रवासी होते. मी ड्रायव्हरशेजारी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यासारखा गोवा पाहिला.

बस मुरगावहून निघाली. वास्को, दाबोळीचा विमानतळ, सांकवाळ, मग कुठ्ठाळी. मित्र माईकवर बोलत होता. वास्को द गामा १४९८ ला कालिकतला आला, आल्बुकेर्कने १५१० ला गोवा जिंकले, इथली माणसे 'सुशेगाद' आहेत, इथे फेणी मिळते, संध्याकाळी साडेचारला सगळ्यांनी बसमध्ये असायलाच हवे. कुठ्ठाळीच्या वळणावर, पुलाकडे चढताना, मागच्या सीटवरची एक साठीची बाई उठून पुढे आली. दादरची होती. म्हणाली, "अहो, कुठ्ठाळी म्हणजे कुशस्थळीच ना? आमचा मंगेश मूळचा इथलाच. सासूबाई सांगायच्या. जरा दाखवता का कुठे होते ते?"

तोपर्यंत बस पुलावर पोहोचली होती. झुआरीवरचा हा नवा, तारांनी तोललेला पूल. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा पहिला भाग खुला झाला तेव्हापासून तोही 'बघण्याचे ठिकाण' झाला आहे. सगळ्यांचे मोबाईल खिडक्यांना लागले. मित्र ओशाळून म्हणाला, "ताई, ते टूरमध्ये नाही हो. पण मंगेशी आहे. दुपारी आपण तिथे जाणारच." बाई "बरं" म्हणून मागे जाऊन बसली.

आता या मार्गात काय गंमत आहे ती बघा. १५६० च्या दशकात साष्टीतली देवळे पाडली गेली. आजचा मुरगाव तालुका तेव्हा साष्टीतच मोडत असे. तेव्हा कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हालसा म्हार्दोळला, सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगला. ही सगळी अंत्रुज महालातली गावे. तो मुलूख त्या वेळी आदिलशाहीत होता, आणि पोर्तुगीजांच्या हाती फोंडा आला तो थेट १७६३ साली. म्हणजे मधे नदी होती आणि नदीच्या पलीकडे दुसऱ्याचे राज्य होते म्हणून हे देव वाचले. लोकांनी रातोरात मूर्ती, लिंगे उचलली, होडीत घातली आणि पैलतीर गाठला.

क्रूझची बस सकाळी मुरगावहून निघते, सांकवाळवरून, कुठ्ठाळीवरून जाते, नदी ओलांडते आणि दुपारी प्रियोळ-म्हार्दोळला पोहोचते. देवांनी जी वाट रातोरात, जीव मुठीत धरून तुडवली, तीच वाट आपण एसी बसमधून पाहुण्यांना रोज दाखवतो आणि ती तीच आहे एवढेच तेवढे सांगत नाही! मंगेशी दाखवतो, पण मंगेश तिथे का आहे ते सांगत नाही. ज्या गावातून तो निघाला ते गाव खिडकीतून मागे जाते, तेव्हा माईकवर फेणीची माहिती चालू असते.

जुन्या गोव्यालाही तेच. तिथे बस दीड तास थांबली. बॉम जेझूची बासिलिका १६०५ ची, आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव, समोर से कॅथेड्रल, त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला तो पुन्हा बांधलाच नाही. १९८६ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे. हे सगळे त्याने उत्तम सांगितले. मी चर्चच्या विरोधात काही लिहितो आहे असे कुणी समजू नये. गोंयच्या सायबाच्या फेस्ताला आमच्या घरचीही माणसे जात आली आहेत, मेणबत्ती लावत आली आहेत. ही चर्चेही आमचीच. आमच्याच कारागिरांनी ती बांधली, आमच्याच जांभ्या दगडाची आहेत.

पण त्याच जुन्या गोव्यात, से कॅथेड्रलपासून चालत थोड्याच अंतरावर, आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा तेवढा उभा आहे. तिथे बसमधले कुणी गेले नाही. पुढे मांडवीकडे जाताना व्हाइसरॉयची कमान लागते, १५९९ ची. तिच्या एका अंगाला वास्को द गामा आहे. दुसऱ्या अंगाला एक बाई उभी आहे आणि तिच्या पायाखाली एक पौर्वात्य पेहरावातला माणूस पडलेला आहे. जिंकणाऱ्याने स्वतःच दगडात कोरून ठेवलेला हा खुलासा! आपल्याला काही वेगळे सांगायची गरजच नाही, फक्त पाहुण्याला दोन मिनिटे तिथे उभे करायचे. आणि त्या कमानीतून खाली गेले की दिवाडीची फेरी. पलीकडच्या त्या बेटावर कदंबांचा सप्तकोटेश्वर होता. तोही पाडला गेला, तोही नदी ओलांडून नार्व्याला गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. त्याचा शिलालेख तिथे आहे. सरकारने देवळाची दुरुस्ती करून फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी फोटो टाकले, अभिमान वाटला. पण मुंबईहून बोटीने येणाऱ्या मराठी माणसाच्या कागदावर नार्वे नाही. ते टूरमध्ये नाही.

मी मित्राला विचारले, "का रे सांगत नाहीस?" तो चिडला नाही. म्हणाला, "तू दीड तास धरून बसला आहेस. माझ्याकडे जुन्या गोव्याला नव्वद मिनिटे असतात, त्यातली वीस शौचालयाची. हा कागद जहाजाकडून येतो. युरोपातल्या माणसाला काय आवडेल ते बघून कुणीतरी कधीतरी तो बनवला. आता त्याच कागदावर आपली माणसे बसवली आहेत, एवढेच." मग थोडा थांबून म्हणाला, "आणि देवळांचे म्हणशील तर परदेशी लोकांना आपणच दारातून परत पाठवले. मग त्यांनी देवळाची गोष्ट कुठे ऐकायची?"

हे मात्र खरे आहे. मध्यंतरी फोंड्याकडच्या काही देवस्थानांनी परदेशी पर्यटकांच्या प्रवेशावर निर्बंध घातले. तोकडे कपडे, गर्भागारात डोकावणे, पूजेच्या वेळी फोटो. देवस्थानांची तक्रार मला मान्य आहे. देऊळ हे आधी देऊळ आहे, नंतर बघण्याची जागा. पण दार बंद केल्यावर बाहेर तळीपाशी, दीपस्तंभापाशी उभे राहून पाहुण्याला दोन गोष्टी सांगणारा माणूस तरी आपण ठेवला का? दारही बंद आणि तोंडही बंद, आणि वर तक्रार अशी की गोव्याची प्रतिमा नुसती पोर्तुगीज झाली आहे! ही प्रतिमा सगळी बाहेरच्यांनी केली असे म्हणणे सोयीचे आहे. अर्धी आपल्या गप्प बसण्याने झाली आहे.

दुपारचे जेवण एका कुळागरात होते. गळ्यात फुलांची माळ, कपाळाला कुंकू, गवती चहा. मग मिरवेल, जायफळ, वेलची, दालचिनी दाखवत एक मुलगी आम्हाला फिरवून आणते. खरे सांगतो, संपूर्ण दिवसात गोव्याचा इतिहास सगळ्यात नीट कुणी सांगितला असेल तर तिने. मिरीसाठी पोर्तुगीज इथे आले, आणि मिरची, काजू, अननस, पपई त्यांनी आणली, हे तिने झाडाला हात लावून सांगितले. देणे आणि घेणे दोन्ही एका वाक्यात. मग पाडेली पोफळीवर चढला आणि एका पोफळीवरून दुसरीवर झुलत गेला. टाळ्या पडल्या. ज्यांचा फोटो नीट आला नव्हता त्यांच्यासाठी त्याला पुन्हा झुलायला लावले. तो पन्नाशीचा असेल. खाली उतरल्यावर तो माझ्याजवळ पाणी प्यायला आला, तेव्हा मी त्याला कोकणीत विचारले की कुळागराला पाणी कुठून येते. त्याचा चेहराच बदलला. डोंगरातला झरा, त्याचे पाट, कुठल्या दिवशी कुठला पाट फोडायचा, हे तो मला हात करकरून दाखवू लागला. इतक्यात शिट्टी झाली, दुसरी बस आली होती.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती त्या बसमधली नाही, आमच्या वाड्यावरची आहे. आमच्या शेजारचा मुलगा तारवटी आहे, क्रूझ जहाजाच्या स्वयंपाकघरात. आमच्या गोव्यातून किती पिढ्या तारवावर गेल्या हे वेगळे सांगायला नको. एका हिवाळ्यात त्याचे जहाज मुरगावला लागणार होते. आई चार दिवस आधीपासून सांगत होती, "म्हजो पूत येतलो." त्या दिवशी ती डब्यात विसवणाचे हुमण आणि भात घेऊन पहाटेच बंदराच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. प्रवासी उतरले, नाच झाला, बसेस सुटल्या. मुलाची दुपारच्या जेवणाची पाळी होती, कारण टूरला न गेलेले प्रवासी जहाजावरच जेवतात. तो साडेतीनला बाहेर आला आणि पाच वाजता त्याला परत आत जायचे होते. दीड तास! त्याच्या जहाजावरचे दोन हजार लोक त्या दिवशी गोवा बघून आले, आणि गोव्याचा तो एकटा फाटकाच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसून आईच्या हातचे जेवला. २०२० मध्ये कोविडच्या वेळी अशीच कितीतरी मुले आठवडेच्या आठवडे जहाजांवर अडकून पडली होती, तेव्हा त्या माऊलीने देव पाण्यात घालून ठेवले होते. क्रूझ म्हटले की मला तो कट्टा आठवतो.

एवढे सगळे लिहून मी म्हणतो काय? जहाजे येऊ नयेत असे म्हणत नाही. खाणी थांबल्यावर काय होते ते आम्ही पाहिले आहे. चार घरांची चूल यावर पेटते, माझ्या मित्राचीही पेटते. शिवाय हैदराबादच्या त्या बसमध्ये मी स्वतः क्रूझचा प्रवासीच होतो. एका दिवसात जे मिळेल ते घेऊन आलो आणि त्यात आनंदही झाला. आठ तासांच्या पाहुण्याला दोन हजार वर्षे पाजता येत नाहीत, हे मलाही कळते.

पण मी कारकून आहे. फाईलवर पानभर टिपणी लिहायची गरज नसते, समासात एका ओळीचा शेरा पुरतो, हे वीस वर्षांत शिकलो आहे. या टूरलाही शेराच हवा आहे, नवी फाईल नको. कुठ्ठाळीच्या वळणावर माईकवर एक वाक्य: "आज दुपारी तुम्ही जो देव पाहणार आहात तो साडेचारशे वर्षांपूर्वी या गावातून निघाला." बस. यासाठी बस थांबवायला नको, वेळ वाढवायला नको. पुलाच्या अलीकडे मराठी, कोकणी आणि इंग्रजीत एक फलक. आदिलशहाच्या दरवाजापाशी दोन मिनिटे. देवळाच्या तळीपाशी देवस्थानाचाच एक माणूस, गोष्ट सांगायला. आणि मुंबईहून येणाऱ्या जहाजांसाठी दिवाडी-नार्व्याची एक वेगळी सहल, ज्यांना हवी त्यांच्यासाठी. ती दादरची बाई नक्की गेली असती.

पाहुण्यांसाठी म्हणूनही मी हे मागत नाही. शेवटी माझी भीती वेगळी आहे. हैदराबादहून परतल्यावर माझ्या नववीतल्या मुलीला मी विचारले, "मंगेशीचा मंगेश मूळचा कुठला?" तिने म्हटले, "मंगेशीचाच. नाव तेच ना?" तिच्या शाळेची सहल दोन वर्षांपूर्वी गेली होती: जुने गोवे, मंगेशी, स्पाइस फार्म, दुपारचे जेवण, परत. तोच मार्ग, तोच कागद! म्हणजे परक्यांसाठी आखलेली टूर आता आमच्या मुलांचा गोवा झाली आहे. जे टूरमध्ये नाही ते काही दिवसांनी कुणाच्याच ध्यानात नाही, असे व्हायला एक पिढी पुरते.

पुढच्या रविवारी मी तिला घेऊन कुठ्ठाळीला गेलो. पुलावरून नाही, खाली धक्क्यावर, मडकईच्या फेरीने. फेरीत आम्ही, चार-पाच स्कूटरवाले आणि मासळीची टोपली घेतलेली एक बाई. वर पुलावरून गाड्या धावत होत्या. मधे पाण्यावर आल्यावर मी तिला सांगितले, रात्र होती, होडी होती, आणि कापडात गुंडाळून एक लिंग होते. ती थोडा वेळ मागे कुठ्ठाळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, त्यांना ठाऊक होते का पलीकडे जागा मिळेल म्हणून?"

मला उत्तर सुचले नाही. पण प्रश्न विचारला गेला, याचे समाधान वाटले. फेरी मडकईला लागली, आणि आम्ही प्रियोळची वाट धरली.